बाबनरावांच्या नावाची उडी

माझ्या बहिणीचं लग्न एका कागदावर जमलं. पत्रिका म्हणत नाही मी. पत्रिका जुळत नव्हती, म्हणून वडिलांनी ती मुकाट्याने देव्हाऱ्यामागे सरकवली. कागद नौदलाचा होता. इंग्रजीत टाइप केलेला, वर नांगराचं चिन्ह, खाली निळ्या शाईतली सही. डिसेंबर एकाहत्तरच्या लढाईत, बंगालच्या उपसागरात, खवळलेल्या पाण्यात उडी मारून बाबन रामाजी धकाते या खलाशाने आपल्या सोबत्याचा जीव वाचवला, असं त्यात लिहिलं होतं. मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो आणि घरात इंग्रजी वाचता येणारा मी एकटाच. वडिलांनी तो कागद माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. मग म्हणाले, "जो परक्याच्या पोरासाठी समुद्रात उडी घेते, तो आपल्या पुष्पीले काही वाऱ्यावर सोडत नाही." झालं, लग्न ठरलं.

पुढे मी शाळामास्तर झालो. चौतीस वर्षं दर डिसेंबरात सातवीच्या वर्गाला मी ही गोष्ट सांगितली. गोष्ट सांगायची तर जरा मीठमसाला लागतोच. तिच्यातला शार्क मी घातला. पहिली काही वर्षं एक होता, निवृत्तीच्या सुमाराला दोन झाले. पोरं डोळे विस्फारून ऐकायची, आणि 'ते माझे सख्खे भाऊजी' हे वाक्य मी शेवटी अशा काही आवाजात म्हणायचो की उडी अर्धी मीच मारली असं वाटावं.

गेल्या वर्षी भाऊजींनी मला सांगितलं की ती उडी त्यांनी मारलीच नव्हती.

नागपुरात बेसा चौकातल्या टपरीवर आम्ही चहा पीत होतो. मला आधी वाटलं, मस्करी आहे. म्हटलं, "भाऊजी, काहून मजाक करून राहिले?" त्यांनी कप खाली ठेवला. "मजाक नाही गा, मास्तर. मले पोहताच येत नाही. आजही येत नाही." मला राग आला, खोटं कशाला बोलू. चौतीस वर्षांचे सातवीचे वर्ग मला एकदम समोर दिसले. मी बराच तणतणलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "तुमाले माह्यापेक्षा त्या शार्कचं दुःख जास्त दिसते." मी दुसरा चहा सांगितला आणि त्यांना पहिल्यापासून सगळं सांगायला लावलं.

भाऊजी उमरेडचे. घरी माग. वडील रामाजी लुगडी विणायचे, आई भागीरथाबाई सुताच्या कांड्या भरायची. भाऊजी वयाच्या दहाव्या वर्षापासून मागावर. विणताना धागा तुटतो, तो तिथल्या तिथे सांधावा लागतो. त्याची एक खास गाठ असते, लहान, चपटी, कापडात दिसू नये अशी. रामाजींचा नियम असा की गाठ मारताना पोराने हाताकडे बघायचं नाही. बघितलं की टपली. त्यामुळे भाऊजींची तीन बोटं ती गाठ आपोआप मारत. अजूनही बोलता बोलता टॉवेलाच्या दशांना मारत बसतात, आणि माझी बहीण नंतर सोडवत बसते.

सदुसष्ट साली मागाचं काम फार मंदावलं. भाऊजी अठरा वर्षांचे, मॅट्रिक झालेले. नागपुरात भरती आहे असं कळलं म्हणून एस.टी.ने आले. मैदानावर दोन रांगा होत्या. फौजेची रांग पार फाटकाबाहेर गेलेली, नौदलाच्या रांगेत पंधरावीस पोरं. परतीची गाडी पाचची होती, ती चुकली तर मुक्कामाला नागपुरात कोणी नव्हतं. भाऊजी लहान रांगेत उभे राहिले. लोक देशासाठी जातात, पोटासाठी जातात. आमचे भाऊजी पाचची एस.टी. चुकू नये म्हणून नौदलात गेले.

तोपर्यंत त्यांनी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पावसाळ्यातली वैनगंगा, तीही पुलावरून. विशाखापट्टणमला प्रशिक्षणासाठी उतरले आणि समुद्र दिसला. "कसं वाटलं?" मी विचारलं. "काय वाटणार? दोन दिवस बोललोच नाही कोनाशी. म्हटलं, याले त दुसरा काठच नाही."

तिथे त्यांना भिकाजी भेटला. भिकाजी कोयंडे, मालवणचा, मासेमारी करणाऱ्या घरातला. चालायच्या आधी पोहायला शिकलेला. दोघांची ओळख झाली ती दोरांच्या वर्गात. उस्तादाने एक जाड आणि एक बारीक दोर घेतला आणि दोन्ही जोडायची गाठ करून दाखवली. म्हणाला, ही जमायला आठवडा लागेल. शेवटच्या बाकावरच्या दोघांनी त्याचं बोलणं संपायच्या आत मारून दाखवली. एकाने जाळं विणताना शिकलेली, दुसऱ्याने लुगडं विणताना. गाठ एकच. त्या दिवसापासून दोघं जेवायला शेजारी बसू लागले. एक भाताला कंटाळलेला नव्हता आणि दुसऱ्याला भाकर मिळत नव्हती, एवढाच काय तो फरक.

पोहण्याची परीक्षा आली. नापास झाला की घरी पाठवत. भाऊजी सरावात दोनदा तळाशी जाऊन आले होते आणि दोन्ही वेळा भिकाजीने त्यांना बाहेर ओढलं होतं. उमरेडला परत जाऊन काय सांगायचं, या विचाराने भाऊजींचं जेवण उडालं. तेव्हा भिकाजी म्हणाला, "गप रव. तुझ्या वाटणीचा मी पवतंय." परीक्षा दोन वेगवेगळ्या दिवशी होती. पोरांची नावं कोणाला पाठ नसत, बनियनवर नंबर असे, तोच पुकारत. अंगाने दोघं सारखेच काटकुळे आणि सारखेच काळे. सोमवारी भिकाजी स्वतःच्या नंबराने पोहला आणि गुरुवारी भाऊजींचा बनियन घालून पुन्हा पोहला.

आता चूक झाली ती इथे. भाऊजींनी त्याला बजावून सांगितलं होतं की कसाबसा पास हो, बस. पण तो गडी पाण्यात उतरला की त्याला हळू पोहता येईना. सोमवारी पाय दुखत होता म्हणून तो जरा मागे पडला होता. गुरुवारी त्याने सगळ्या तुकडीला मागे टाकलं. तुकडीत पहिला आला बाबन धकाते. उस्तादाने पाठ थोपटली आणि त्यांच्या कागदावर लाल शाईने शेरा मारला, 'उत्तम पोहणारा'. तो लाल शेरा पुढे प्रत्येक जहाजावर भाऊजींच्या आधी पोचायचा.

एकाहत्तरच्या हिवाळ्यात दोघं एकाच युद्धनौकेवर होते. जहाज जुनं होतं. नाव मी लिहीत नाही, त्यांनीच लिहू नका म्हटलंय. लढाईचं म्हणून आपण जे चित्र डोळ्यासमोर आणतो, तसं भाऊजी काही सांगत नाहीत. ते सांगतात ते भलतंच. सांगतात की अंगाला खाऱ्या पाण्याची आंघोळ आणि त्यामुळे मानेला कायम खाज. दिवस मावळला की सगळ्या खिडक्यांना लोखंडी झाकणं, आणि आत घामाचा, डिझेलचा आणि डाळीचा मिळून एक वास. तो वास पन्नास वर्षांनी विमानतळाजवळच्या मिहानच्या बाजूने येताना एका ट्रकमागे त्यांना अचानक आला, तर त्यांनी स्कूटर बाजूला घेऊन थांबवली. तोफ सुटली की आधी दात हलत आणि मग आवाज येई. पाणबुडीचा संशय आला की पाण्यात स्फोटकं टाकत, तेव्हा जहाजाखालून कोणीतरी घण मारल्यासारखं वाटे. डावा कान तेव्हाच गेला. माझ्या बहिणीची तक्रार असते की यांना ऐकू येत नाही. मी म्हणतो, युद्धात गेला कान. ती म्हणते, "मी बोलते तवाच बरा जाते."

भीती वाटायची का, असं मी विचारलं. "शत्रूची नाही वाटे," ते म्हणाले. "माहा त झोपाचा झूला अगदी कडेले होता. म्या विचारून ठेवलं होतं का हा पत्रा किती जाड हाये. बोटाएवढाही नव्हता गा. पलीकडे पाणी. रोज झोपाच्या आधी त्याले हात लावून पाहो का वला त नाही लागून राहिला."

जहाज बंगालच्या उपसागरात फिरत होतं. शत्रूच्या बंदराकडे जाणारी मालवाहू जहाजं अडवायची, होडी उतरवायची, चार जणांनी जाऊन तपासणी करायची, असं काम. होडी पाण्यात असली की जहाजाच्या कडेला एक पोहणारा तयार उभा ठेवतात. अंगात पट्टे, पट्ट्याला दोर. कोणी पडलं की त्याने उडी मारायची आणि बाकीच्यांनी दोर ओढायचा. या कामासाठी यादीत पहिलं नाव कोणाचं असणार? लाल शेरेवाल्याचं. आठवड्यातून तीनचारदा भाऊजी तो पट्टा बांधून कठड्याशी उभे राहत आणि देवाला सांगत की आज कोणाला पाडू नको. भिकाजी दर वेळी काही ना काही निमित्त काढून जवळपास असे. हातात रंगाचा डबा घेऊन तो एकच खांब इतक्यांदा रंगवत असे की शेवटी अधिकाऱ्याने विचारलं, हा खांब कुठे चाललाय का.

डिसेंबरातल्या एका सकाळी होडी परत येत होती. लाटा मोठ्या होत्या. होडी जहाजाला लागता लागता वर उसळली आणि शिडीला हात घातलेला एक पोरगा मधल्या पाण्यात पडला. पडताना त्याचं डोकं आपटलं. वरून हुकूम आला, पोहणाऱ्याने उडी मारावी. भाऊजींच्या अंगात पट्टा होता. ते कठड्यावर एक पाय टाकून उभे राहिले आणि तिथेच राहिले. "पाय हलेच ना, मास्तर. म्या त्याले पाहून राहिलो, अन् त्याचा हात खालीवर होऊन राहिला. म्या आईचं नाव घेतलं, देवाचं घेतलं. पाय नाही हलला." हे सांगताना टपरीवर त्यांचा हात गुडघ्यावर गच्च धरलेला होता, जणू पाय अजून त्यांचं ऐकत नव्हता.

मग कोणीतरी त्यांच्या अंगातला पट्टा हिसकला. भिकाजी होता. पट्टा त्याने धड बांधलाही नाही, नुसता खांद्यातून घातला आणि गेला खाली. त्याने पोरगा गाठला. पण जहाज वाऱ्याने सरकत होतं आणि दोर भराभर पळत होता. दोर पुरणार नाही हे भाऊजींच्या लक्षात आलं. शेवटचे चार हात उरले असताना त्यांनी शेजारचा जाड दोर ओढला आणि पळत्या दोराच्या टोकाला जोडला. बघायला वेळ नव्हता आणि बघायची सवयही नव्हती. गाठ बसली, टिकली. सहा जणांनी मिळून दोघांना वर ओढलं.

त्या सहा जणांना काय झालं ते ठाऊक होतं. पण खालच्या डेकवरची गोष्ट वरच्या डेकवर न्यायची नाही, असा खलाशांचा कायदा. तो कुठे लिहिलेला नाही, म्हणून मोडतही नाही. वर उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला फेसात फक्त पट्टा घातलेला माणूस दिसला, त्याने यादी बघून नाव लिहिलं. वाचलेल्या पोराला आपल्याला कोणी काढलं हे बघायची शुद्धच नव्हती. लढाई संपल्यावर परेडमध्ये भाऊजींचं नाव पुकारलं तेव्हा ते जागचे हलले नाहीत. मागे उभ्या असलेल्या भिकाजीने त्यांना कोपराने ढोसलं. खरं सांगावं तर मग पट्टा बांधलेल्याने उडी का नाही मारली, हे निघणार. ते निघालं की परीक्षेचं निघणार, आणि मग दोघांचीही नोकरी जाणार. भाऊजी चालत गेले, कागद घेतला, सलाम ठोकला.

उमरेडला बँड लावून मिरवणूक निघाली. रामाजींनी कागद चौकटीत घालून मागाच्या वर टांगला. भागीरथाबाई दर शुक्रवारी त्याला हळदकुंकू लावत, काचेवर त्याचा डाग अजून आहे. भाऊजींनी स्वतःच्या तोंडाने उडीची गोष्ट कधी सांगितली नाही. लोक म्हणत, बघा किती नम्र. मीही वर्गात म्हणायचो, खरा शूर माणूस बोलत नाही. आता आठवलं की माझे मलाच कान धरावेसे वाटतात.

ब्याऐंशी साली दोघं निवृत्त झाले. भाऊजींनी उमरेडजवळच्या कोळसा खाणीत सुरक्षारक्षकाची नोकरी धरली, पुढे बेशात घर बांधलं. भिकाजी मालवणला गेला. दर दिवाळीला त्याचं पत्र यायचं, नंतर फोन. त्या गोष्टीबद्दल दोघं कधी बोलले नाहीत.

दोन वर्षांपूर्वी भिकाजीची बायको वारली आणि त्याची मुलगी कामिनी त्याला नागपूरला घेऊन आली. ती मिहानमध्ये विमानं दुरुस्त करणाऱ्या कंपनीत आहे, बेशातच सहाव्या मजल्यावर राहते. भिकाजीचं डोकं तोवर उतरणीला लागलं होतं. सकाळी चहा प्यायलो हे दुपारी आठवत नसे. जन्मभर समुद्राकाठी राहिलेला माणूस आमच्या या कोरड्या गावात येऊन पडला. गॅलरीत उभा राहून तो वाऱ्याकडे तोंड करायचा आणि भरती किती वाजता आहे म्हणून विचारायचा. खाली नुसते सिमेंटचे मिक्सर आणि नवे प्लॉट. भाऊजी रोज सकाळी त्याच्याकडे जाऊन बसू लागले. आधी जुन्या गोष्टी निघत. उस्ताद, डाळीचा वास, रंगवलेला खांब. मग त्याही कमी होऊ लागल्या. डॉक्टरने कामिनीला सांगितलं, नवं आधी जातं, मागाहून जुनंही जातं.

एक दिवस कामिनी चहा देता देता म्हणाली, "काका, तुमच्या हातून केवढं मोठं काम झालं. बाबांनी नौदलात पंधरा वर्षं घालवली, पण सांगण्यासारखं काही नाही. आई शेवटपर्यंत म्हणायची, मित्राला कागद मिळाला, तुम्हाला काय मिळालं?" भिकाजी शेजारीच बसला होता, बिस्किट बुडवत. तो हसला नुसता.

भाऊजी तो चहा तसाच ठेवून उठले. आठ दिवसांनी त्यांनी मला टपरीवर बोलावलं, ते यासाठी. मी विचारलं, मग तिला जाऊन सरळ सांगत का नाही? "सांगतलं गा," ते म्हणाले. "काल सांगतलं. तिले वाटलं म्हातारा दोस्तासाठी गोष्ट रचून राहिला. म्हणे, काका, तुमचं मन फार मोठं हाये. मास्तर, आता त्याच्याच तोंडातून निघालं पाहिजे. अन् तो त रोज थोडा थोडा विसरून राहिला. एकदा का त्याच्या डोक्यातून गेलं, त ते काम कोनाचंच नाही. त्याची पोरगी जन्मभर हेच समजन का बापानं काही केलं नाही."

माझा राग तिथे उतरला. शार्कही उतरला.

आधी पुष्पाताईला सांगणं भाग होतं. भाऊजी घरी गेले, भिंतीवरची चौकट उतरवली आणि तिच्यासमोर ठेवून सगळं बोलले. मी दारात उभा. पन्नास वर्षांचा संसार त्या कागदावर उभा आहे असं मला उगाच वाटत होतं. ताई तांदूळ निवडत होती. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "मार्कंड्याच्या यात्रेले आपण सात खेपा गेलो. सगळे लोकं वैनगंगेत डुबक्या मारत अन् तुमी घोटे वले करून परत येत. मले तवाच वाटलं का हा गडी समुद्रात कसा काय उतरला असन." मग तिने चौकटीवरची धूळ पदराने पुसली. "जा, द्या ज्याची त्याले. अन् उन्हाच्या टोप्या घालून जा."

आम्ही दोघं निघालो. मी निवृत्त झालो तरी मास्तरकीचे कपडे सोडलेले नाहीत, पांढरा शर्ट, पांढरी पँट. कामिनी रविवार म्हणून घरी होती. भिकाजी सोफ्यावर बसला होता, नीट भांग पाडलेला. कामिनी म्हणाली, आज बरे आहेत, सकाळी माझं नाव घेऊन हाक मारली. भाऊजींचा चेहरा खुलला.

त्यांनी चौकट भिकाजीच्या मांडीवर ठेवली. त्याच्यासमोर स्टूल ओढून बसले. आणि कामिनीला ऐकू जाईल असं, सावकाश, एकेक सगळं सांगितलं. होडी, लाट, पोरगा, हुकूम. "मी उभा राहिलो, भिक्या. माहा पाय नाही हलला. उडी तू मारली. हे तुह्या पोरीले सांग. हा कागद तुहा हाये."

भिकाजी कागदाकडे बघत होता. बोट नांगराच्या चिन्हावरून फिरवत होता. मग त्याने मान वर केली आणि त्याची नजर माझ्यावर पडली. माझ्या पांढऱ्या कपड्यांवर. तो एकदम उठला. चौकट भाऊजींनी कशीबशी धरली. पंचाहत्तरीचा तो वाकलेला माणूस टाचा जुळवून ताठ उभा राहिला आणि मला म्हणाला, "जंप इसीने मारा, सर. धकाते ने. मैंने अपनी आँख से देखा."

भाऊजी म्हणाले, "भिक्या, अबे हा आपला मास्तर हाये." पण तो ऐकेना. त्याने तेच पुन्हा सांगितलं, अजून मोठ्याने, आणि एका हाताने मागे उभ्या भाऊजींना दाबून धरलं की तू बोलू नकोस. हिंदीत, जहाजावरच्या पांढऱ्या गणवेशातल्या अधिकाऱ्याशी बोलावं तसं. कागद परत करायला आणलेले भाऊजी त्याच्या पाठीमागे उभे राहून लहान पोरासारखे रडू लागले. त्यांना मी कधीच रडताना पाहिलं नव्हतं, आईबाप गेले तेव्हाही नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण त्या खोलीत त्या माणसाला खोटं बोलायला लावणारा मी होतो.

कामिनी दाराशी उभी होती. ती बापाकडे बघत होती, मग भाऊजींकडे, मग माझ्या शर्टाकडे. हुशार पोरगी आहे. तिने मला हळूच खूण केली की तुम्ही बाहेर जा. मग ती बापाजवळ गेली आणि त्याचा दंड धरून म्हणाली, "साहेब गेले, बाबा. आता कोण नाही."

मी दाराबाहेर जिन्याजवळ उभा राहिलो. दार अर्धवट उघडं होतं. सोफा करकरला, तो बसला असावा. मग त्याचा आवाज आला, हळू, मालवणीत, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसा.

"त्या पोराचे केस धरूक गेलंय रे बाबन. पण बारीक कापलेले, हातात येनत नाय. दोनदा सुटलो तो माझ्या हातातसून. मगे कॉलर धरलंय."

हे भाऊजींनाही ठाऊक नव्हतं. कठड्यावरून ते दिसण्यासारखं नव्हतंच, आणि इतक्या वर्षांत त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

आत कामिनीने विचारलं, "मग, बाबा? पुढे काय झालं?" आणि तो सांगू लागला.